स्विचवरची पाटी

हे सगळं खरं आहे.

खोटं ठरलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. तसं ठरवायची मी बरीच धडपड केली. पण तारखा जुळतात, वेळ जुळते, आणि साक्षीला दोन माणसं आहेत. एक माझी आत्या, जिला पाल सोडून कशाचीही भीती वाटत नाही. दुसरा एक शिंपी, ज्याला मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

यात काळोखी रात्र नाही. जे घडलं ते भर दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी घडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या, बाबांच्या घरात.

सुरुवात एका रविवारी झाली. आमचा तो शेवटचा साधा दिवस.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. चौतीस वर्षं तेच काम. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून कोणीतरी मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला आणि त्यावरचं विंडोज काढून लिनक्स चढवलं. लिनक्सचं असं आहे की त्याला कोणी एक मालक नाही. बिघडलं तर दुकानात नेऊन उपयोग नसतो. ज्यांना त्याचं वेड आहे तेच एकमेकांना विचारतात आणि सांगतात. अशा साठ-सत्तर मराठी वेड्यांचं इंटरनेटवर एक फोरम होतं. तिथे खरं नाव कोणीच लावत नसे. बाबा तिथे ‘लिफ्टवाले काका’ होते.

कोणी येऊन म्हणालं, माझा कॉम्प्युटर चालेना, की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला.

‘बिघडण्याआधी शेवटचं काय केलंत? खरं सांगा.’

त्या कॉम्प्युटरमध्ये आई होती.

म्हणजे तिचा आवाज. आई शाळेत शिकवायची. मुलांना घरी शुद्धलेखनाचा सराव करता यावा म्हणून तिने एकेचाळीस कॅसेट भरल्या होत्या. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबांनी वर्षभर खपून त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि मगच टाकून दिल्या, कारण फिती तुटायला लागल्या होत्या. रोज दुपारची झोप झाली की चहाबरोबर ते एक कॅसेट ऐकायचे.

“वाक्य पहिलं. नीट ऐका. घाई करू नका...”

मग मुलांना लिहायला वेळ म्हणून शांतता. त्या शांततेत नीट कान दिला तर आईचा श्वास ऐकू यायचा.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर बाबा कॉम्प्युटरचं मोठं अपडेट लावून बसले. लाइट गेली तरी तो चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी दुरुस्तीला गेली होती. म्हणून त्यांनी खिळ्यावरची पाटी काढली आणि भिंतीवरच्या स्विचवर दोरीने अडकवली.

लिफ्टच्या कामावरची पत्र्याची पाटी. लाल अक्षरं. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’

“बाबा, हा काय लिफ्टचा खड्डा आहे? मी पडणार आहे का यात?”

“तू कशाला पडशील? तू तर कधी जिनाही धड चढत नाहीस.” मग ते कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, “तुझी आई आहे आत.”

“झालं. आता नियम सांगा. चौथीत होते तेव्हापासून ऐकतेय.”

“मग तूच सांग.”

मी बोटं मोडत सांगितलं. पाटी लटकतेय म्हणजे आत माणूस आहे. ज्याने लावली त्यानेच काढायची. काढण्याआधी खड्ड्यात तोंड घालून मोठ्याने विचारायचं, आत कोणी आहे का? तीन श्वास थांबायचं. मग आपण कोण, काय काम केलं, ते ओरडून सांगायचं. मगच पाटीला हात.

“शाबास. गुपचूप काढली तर?”

“तर ती काढली असं धरत नाहीत.”

“अगं पोरी, लागलीस कामाला तर चांगली मेकॅनिक होशील,” म्हणाले, आणि आत जाऊन झोपले.

चार वाजता मला निघायचं होतं. शर्टाला इस्त्री करायची राहिली होती. इस्त्रीचं टेबल कॉम्प्युटरशेजारी, इस्त्रीची वायर आखूड. टेबल दुसऱ्या खोलीत न्यायचा मला कंटाळा आला. स्क्रीन काळी होती. मला वाटलं, झालं असेल.

पाटी मला दिसत होती. ते मी लपवत नाही.

मी पाटी काढली. कॉम्प्युटरचा प्लग काढून इस्त्रीचा लावला. चार मिनिटांत शर्ट झाला. प्लग परत लावला, बटण दाबलं, पाटी होती तशी अडकवली.

स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावली... आणि थांबली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाबा उठून आले तेव्हा शर्ट माझ्या अंगात होता. अजून गरम.

“अगं, हे काय झालं? लाइट गेली होती का?”

“मला काय माहीत? मी आत होते.”

त्यांनी पाटीकडे पाहिलं. फ्रीजवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लाइट जाते तेव्हा ते शून्यावर येतं. ते बरोबर चालू होतं.

“पाटी तर जागेवर आहे,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मला उशीर होत होता. मी निघाले.

बाबांकडे रेकॉर्डिंगची दुसरी प्रत नव्हती. प्रतीसाठी ठेवलेली डिस्क लहान पडते म्हणून त्याच आठवड्यात पुसून एका शाळेला देऊन टाकली होती, आणि नवी यायची होती. दोन प्रती ठेवा म्हणून सगळ्या फोरमला रागावणारा माणूस... आणि स्वतः नेमका त्या चार दिवसांत सापडला.

त्यांनी मोबाइलवरून फोरमवर काय लिहिलं ते मी नंतर वाचलं.

‘लाइट गेली नव्हती. पाटी जागेवर होती. तपासणीत डिस्कची तब्येत चांगली दिसते. मग बंद पडली कशी? म्हणजे डिस्कच आतून जात असणार. कारण कळल्याशिवाय लिफ्ट परत चालू करत नाहीत. मी कॉम्प्युटर बंद ठेवला आहे. आत माझी बायको आहे.’

खाली ‘टेलरमास्तर’ नावाच्या माणसाने लिहिलं होतं, ‘काका, मध्येच वीज तुटली असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. एक तपासणी चालवा, सगळं परत येईल. पण डिस्क जात असेल तर तीच तपासणी तिला मारेल. नक्की काय झालं होतं?’

‘तेच शोधतोय,’ बाबांनी लिहिलं होतं.

अर्ध्या तासाचं काम.

नऊ दिवस ते शोधत राहिले. नवव्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला.

“त्या दिवशी तू घरात होतीस ना? काही आवाज आला होता का? डिस्क जाताना टक् टक् असा आवाज येतो. आठवून बघ.”

“नाही बाबा. मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलू?”

“हो हो. कर तू काम.”

दहाव्या दिवशी आत्याचा फोन आला. ती बाबांच्या समोरच्याच दारात राहते. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. हृदय. कॉम्प्युटर बंद होता. फोरमवर त्यांचं शेवटचं वाक्य आदल्या संध्याकाळचं होतं.

‘कारण कळलं की लिहितो.’

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी, मी घर आवरायला गेले. पाटी स्विचवर लटकत होती. मी ती काढून टेबलाच्या खणात टाकली, पान्यांच्या खाली, आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले.

पाणी उकळायला लागलं होतं...

टक्.

मला वाटलं, शेजारी कोणी खिळा ठोकतंय.

टक्... टक्...

भिंतीवर पत्रा आपटावा तसा आवाज. मी बाहेर आले.

पाटी स्विचवर होती. हलत होती. आत्ताच कोणीतरी हात सोडल्यासारखी.

खण बंद होता.

मी स्वतःला समजावलं. मी ती काढलीच नसेन. मन थाऱ्यावर नव्हतं, काढल्यासारखं वाटलं असेल. मी पाटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि चहा तसाच टाकून निघाले.

बुधवारी आत्याचा फोन आला.

“काय गं, घरी येऊन मला न भेटता गेलीस होय?”

“मी ऑफिसात आहे आत्या.”

“मग दादाच्या खोलीत खुर्ची कोण फिरवत होतं? चाकांचा आवाज मी ओळखते. त्या खुर्चीला तेल घाल म्हणून तीन वर्षं त्याच्या मागे लागले होते.”

“किती वाजता?”

“मी चहा टाकला तेव्हा. चार-सव्वाचार.” मग तीच म्हणाली, “उंदीर असेल. आता उंदरांना खुर्चीवर बसायची हौस आली असेल तर देव जाणे.”

ती हसली. मी हसले नाही. तीही मग फार वेळ हसली नाही.

दरम्यान नवी डिस्क येऊन पडली होती. मी फोरमवर खातं उघडलं. बाबा गेल्याचं लिहिलं. आईच्या आवाजाचं लिहिलं. तासाभरात टेलरमास्तरांचा निरोप आला. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि आपल्या दुकानातलं लिनक्स ते बाबांकडून शिकले होते.

‘ताई, रडू आलं. पण आधी काम. आपण दोघं मिळून काकूंचा आवाज काढू. शनिवारी फोनवर बसतो. एकच सांगा. बिघडण्याआधी शेवटचं काय झालं होतं?’

मी लिहिलं, ‘माहीत नाही.’

जो माणूस गेला त्याच्याशीही मी तेच खोटं बोलले होते. आता जिवंत माणसाशी बोलले.

गुरुवारी त्यांचा फोन आला. मागे शिलाई मशीनचा आवाज नव्हता. मशीन थांबवून ते बोलत होते.

“ताई, तुम्ही काकांच्या नावाने आत शिरला होतात का?”

“नाही. मला त्यांचा पासवर्डच माहीत नाही.”

“काल त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ते फोरमवर होते. आणि त्यांच्या त्या प्रश्नाखाली... तुम्हीच बघा.”

मी पाहिलं. ‘कारण कळलं की लिहितो’च्या खाली एक नवा शब्द होता. लिफ्टवाले काकांच्या नावाने. बुधवार, चार वाजून दहा मिनिटं.

‘कारण?’

“कोणाची तरी फाजील चेष्टा,” मी म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं. फोरम चालवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणतात, काकांच्या घरच्याच इंटरनेटवरून आलंय.”

त्या घरचं इंटरनेट मी पहिल्या आठवड्यातच बंद केलं होतं. त्याचा डबा माझ्या घरी, माळ्यावर, पिशवीत होता.

मी उठून बघितलं. होता.

शनिवारी मी तीन वाजता त्या घरात गेले. आत्याला बरोबर घेतलं. ती म्हणाली, मी दारातच बसते, मला तुमचं ते काळं पांढरं कळत नाही. खुर्ची ओढून ती दारात बसली, मटार सोलत.

कपाटाचं कुलूप लागलेलं होतं.

पाटी स्विचवर होती.

मी ती काढून टेबलावर, नजरेसमोर ठेवली. फोन स्पीकरवर लावला. टेलरमास्तर एकेक पायरी सांगत गेले. कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, म्हणजे जुन्या डिस्कला धक्का लागत नाही. मग तिची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर. जी काही दुरुस्ती करायची ती नकलेवर.

“घाबरू नका. जुनी डिस्क आपण फक्त वाचतोय. मध्येच बंद पडलं तरी नुकसान नाही.”

आकडे सरकायला लागले. दहा टक्के. वीस.

“मी पहिल्यांदा फोरमवर काकांकडे आलो ना,” ते सांगत होते, मागे मशीन खडखडत होतं, “तेव्हा म्हटलं, मी कशालाच हात लावला नाही, आपोआप बिघडलं. तीन दिवस काका एकच विचारत होते, शेवटचं काय केलंत? चौथ्या दिवशी कबूल केलं, सगळ्या फाइलींच्या परवानग्या मीच बदलल्या. म्हटलं, आता शिव्या पडणार. तर काका म्हणाले, हात्तिच्या, एवढंच होय? आणि पाच मिनिटांत नीट करून दिलं.”

मी आकडे बघत राहिले.

अडुसष्ट टक्के...

स्क्रीन काळी झाली.

खोलीत एकदम शांतता. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर थांबल्यावर कळलं, इतका वेळ ती चालू होती.

घड्याळ. चार वाजून दहा मिनिटं.

प्लग जमिनीवर पडला होता. मी इस्त्रीसाठी काढून टाकला होता तिथेच. तसाच, पिना भिंतीकडे करून.

“ताई? काय झालं?”

“पाय लागला असेल.”

माझा पाय तिथवर पोचत नव्हता.

प्लग लावला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आकडे दिसायच्या आत पुन्हा अंधार. प्लग पुन्हा जमिनीवर.

तिसऱ्या वेळी मी प्लगवर तळहात दाबून उभी राहिले. जोर लावून. आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

माझ्या डोक्याच्या बाजूला... टक्.

कॉम्प्युटर बंद झाला.

प्लग माझ्या हाताखाली, भिंतीतच होता. स्विच बंद झाला होता. आणि त्याच्यावर पाटी होती.

टेबल रिकामं होतं.

“दादा,” दारातून आत्या म्हणाली. नुसतं एवढंच. ती खुर्चीकडे बघत होती. बाबांची खुर्ची टेबलाजवळ होती ती आता माझ्या मागे होती. चाकं वाजली नव्हती, किंवा मला ऐकू आली नव्हती.

“ताई,” फोनमधून टेलरमास्तर म्हणाले. मशीन थांबलं होतं. “एक विचारू? रागावू नका. शेवटचं काय झालं होतं हे तुम्हाला माहीत आहे ना?”

मी फोन उचलला आणि बंद केला.

पाटीकडे बघत राहिले. स्विच चालू करायचा तर पाटी उचलायला हवी होती. बाबा गेल्यापासून ती मी तीनदा काढली होती. खणात टाकली, कुलपात टाकली, टेबलावर ठेवली. तीनदा गुपचूप.

तेव्हा मला नियम आठवला. ज्याने लावली त्यानेच काढायची.

त्या रविवारी बाबांनी ती लावली होती. पण ती मी उतरवली, आणि माझं काम झाल्यावर परत मी लावली. बाबांनी त्यानंतर तिला हात लावला नव्हता. कारण कळेपर्यंत ते लावणारच नव्हते.

शेवटची पाटी माझी होती.

आणि पाटी लटकतेय म्हणजे आत माणूस आहे.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरं काही लिहायचं नाही. नक्कल त्याच संध्याकाळी पूर्ण झाली. टेलरमास्तरांनी सांगितलेली तपासणी मी नकलेवर चालवली. पंचवीस मिनिटं लागली. एकेचाळीस कॅसेट जशाच्या तशा मिळाल्या. बाबांच्या प्रश्नाखाली मी कारण लिहिलं, माझ्या नावाने, सगळं. टेलरमास्तरांनी उत्तर दिलं, ‘हात्तिच्या. एवढंच होय?’ ते वाचून मी जेवढी रडले तेवढी बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते.

पाटी आता माझ्या घरी खिळ्यावर आहे. ती हलत नाही. आत्याला खुर्ची ऐकू येत नाही.

फक्त एक गोष्ट. सतराव्या कॅसेटमध्ये, पहिल्या वाक्यानंतर, मुलांना लिहायला वेळ म्हणून शांतता आहे. तिथे आईचा श्वास ऐकू यायचा. लहानपणापासून मला तो पाठ आहे.

आता तिथे दोन श्वास ऐकू येतात.

मी ती टेलरमास्तरांना पाठवली. ते म्हणाले, जुन्या फितीची घरघर असेल. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. मी ती कॅसेट एकटी असताना लावत नाही.

तर त्या दुपारी.

आत्या दारात उभी होती. मटार जमिनीवर सांडले होते. मी स्विचसमोर गेले. चौथीत पाठ केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

“आत कोणी आहे का?”

एक श्वास.

दोन.

तीन...

पाटी भिंतीवर आपटली. टक्. एकदाच.

“मी आहे बाबा. तुमचं काही चुकलं नव्हतं. डिस्क चांगली होती. प्लग मी काढला, इस्त्रीसाठी. पाटी दिसत होती तरी काढला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले, आणि परत विचारलंत तेव्हा परत खोटं बोलले. ही पाटी मी लावलेली आहे. मी काढतेय, बाबा.”